षष्ठीचा प्रत्यय आणि इंग्रजीतील लोपचिन्ह

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त सुरत येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरत हे नाव उच्चारताच मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु ग्रंथालयात जमलेल्या वाचकांनी या नगरीशी असलेला आणखी एक ऋणानुबंध ध्यानात ठेवावयास हवा. १८४० च्या दशकात येथील सरकारी इंग्रजी शाळेत दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे अध्यापक होते. त्यांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झालेले होते व पुढे ‘मराठी भाषेचे पाणिनी’ हे बिरुद त्यांना त्याच ग्रंथाने मिळवून दिले. दुर्गाराम मेहताजींसमवेत २२ जून १८४४ रोजी त्यांनी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. समाजसुधारणेचा इतिहास लिहिणारे या सभेची आवर्जून नोंद घेतात. मात्र मराठीचा हा वैयाकरण रोज सकाळी गुजराती मुलांपुढे उभा राहून इंग्रजी शिकवीत होता, या साध्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. एकाच खोलीत तीन भाषा नांदत होत्या आणि तिन्हींची षष्ठी निरनिराळी होती. मराठीत चा-ची-चे, गुजरातीत नो-नी-नुं, आणि इंग्रजीत एक ‘एस’ व त्याच्या शेजारी वर टांगलेले एक चिमुकले चिन्ह.

ते चिन्ह हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. इंग्रजीत त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात, मराठी शिक्षक लोपचिन्ह म्हणून समजावून सांगतात. शताब्दीच्या मंगल प्रसंगी इतका क्षुल्लक विषय कशासाठी, अशी शंका कोणाच्या मनात येणे शक्य आहे. तिचे उत्तर या शहराच्या वस्त्यांतच आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली हजारो मराठी कुटुंबे यंत्रमागांच्या व कापडाच्या व्यवसायावर उभी आहेत. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाचेही वर्ग चालतात. तेथून बाहेर पडणारा मुलगा घरी अहिराणी किंवा मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती बोलतो, आणि नोकरीचा अर्ज मात्र इंग्रजीत लिहितो. त्या अर्जाची भाषा त्याला कोणी शिकविलेली नसते. थोरल्या भावाचा किंवा शेजाऱ्याचा जुना अर्ज पाहून त्याने ती उचललेली असते. आणि त्या जुन्या अर्जात जी चूक असते, तीही इमानेइतबारे पुढे चालते.

अशा चुकांत सर्वांत जुनी व सर्वांत लाडकी चूक अर्जाच्या शेवटी, सहीच्या वर आढळते. ‘यूअर्स फेथफुली’ या शब्दांतील पहिल्या शब्दात ‘आर’ आणि ‘एस’ यांच्यामध्ये लोपचिन्ह घालण्याची पद्धत भारतभर पसरलेली आहे. ती अशुद्ध आहे. परंतु ती केवळ आपल्याकडच्या अडाणीपणातून जन्मली, असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सुशिक्षित माणसे हा शब्द नेमका असाच लिहीत. कादंबरीकर्त्री जेन ऑस्टिन हिच्या लेखनात अशी रूपे आढळतात. १७८७ साली लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये लोपचिन्ह आहे, आजचा शाळामास्तर तेथे लाल रेघ ओढील. तेव्हा अर्जदाराच्या चुकीला दुरुस्तीची गरज आहे, उपहासाची नाही.

हे चिन्ह मुळात आले कोठून? ग्रीक भाषेत ‘पाठ फिरविणे’ या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून त्याचे नाव पडले. फ्रेंच मुद्रकांकडून ते सोळाव्या शतकात इंग्रजीत आले. त्याचे पहिले काम एकच होते : येथे एक अक्षर होते, ते आता नाही, एवढे सांगणे. ‘डू नॉट’चे ‘डोन्ट’ झाले की गळालेल्या ‘ओ’च्या जागी ते बसते. घड्याळाचे वाजलेले सांगताना इंग्रज जे ‘ओ-क्लॉक’ म्हणतो, ते मूळचे ‘ऑफ द क्लॉक’ होय. गाळलेल्या अक्षरांची निशाणी म्हणून ‘ओ’नंतर ते चिन्ह राहिले.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. नागरी लिपीत असेच एक चिन्ह शतकानुशतके आहे. ‘सोऽहम्’ या शब्दाच्या पोटात जो नागमोडी अवग्रह दिसतो, तो ‘अहम्’मधील लुप्त झालेल्या अकाराची खूण आहे. संस्कृतात जे काम अवग्रह करतो, तेच इंग्रजीत लोपचिन्ह करते. प्रार्थनेला बसणाऱ्या आजीला इंग्रजी येत नसेल, पण लोपचिन्हाचे तत्त्व तिच्या पोथीत आहे. गोव्यात आणि वसईत तर ते माणसांच्या नावातच आहे. पोर्तुगीज ‘दि सोझा’मधील स्वर गळाला व इंग्रजीत ‘डी’ या अक्षरापुढे लोपचिन्ह येऊन ‘डिसोझा’ हे आडनाव तयार झाले. मराठीत ते लिहिताना चिन्ह उरत नाही. इंग्रजीत ते उरते, आणि संगणकाच्या जमान्यात त्याचा नवाच जाच सुरू झाला आहे. अनेक ठिकाणच्या संगणकीय अर्जांना नावात अक्षरांवाचून दुसरे काही चालत नाही. मग एका कागदावर चिन्हासह, दुसऱ्यावर चिन्हाविना आणि तिसऱ्यावर चिन्हाच्या जागी मोकळी जागा सोडून, असे एकाच माणसाचे तीन अवतार होतात, आणि तो एकच आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्र करावे लागते.

लोपाचे काम इतके सरळ आहे. गोंधळ होतो तो चिन्हाच्या दुसऱ्या कामात, म्हणजे मालकी दाखविण्यात. येथे पुन्हा सुरतेकडेच वळावे लागते. जहांगीर बादशहाच्या फर्मानाने इंग्रजांची वखार १६१३ मध्ये या शहरात स्थिरावली. त्या काळच्या इंग्रजीत मालकीदर्शक लोपचिन्ह रूढ झालेले नव्हते. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह उघडला तरी हेच दिसते. ‘राजाचे जहाज’ असे म्हणावयाचे असल्यास इंग्रज एक तर राजा या शब्दाला नुसता ‘एस’ जोडी, किंवा ‘राजा त्याचे जहाज’ अशी रचना करी. या दुसऱ्या रचनेमुळे मोठमोठ्या विद्वानांचा असा समज झाला की ‘एस’ हा ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप असून गळालेल्या अक्षरांकरिता तेथे लोपचिन्ह हवे. १७५५ च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणात डॉ. जॉन्सनने हा समज खोडून काढला. स्त्रीवाचक नामालाही तोच ‘एस’ लागतो, मग तेथे ‘हिज’ कोठून येणार, असा त्याचा बिनतोड सवाल होता. खरा प्रकार असा की जुन्या इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय ‘इ’ आणि ‘एस’ असा दोन अक्षरी होता व त्यातील ‘इ’ कालांतराने गळाली. म्हणजे चिन्ह योग्य जागी बसले, पण ते बसविणाऱ्यांपैकी अनेकांचे कारण चुकीचे होते. भाषेच्या इतिहासात असे वारंवार घडते.

एकवचनाचा नियम अशा रीतीने सतराव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावला. अनेकवचनाचा नियम त्यानंतर, अठराव्या शतकात हळूहळू रुळला. नामाला अनेकवचनाचा ‘एस’ आधीच लागलेला असेल, तर मालकी दाखविण्यासाठी दुसरा ‘एस’ न लावता केवळ लोपचिन्ह शेवटी ठेवावयाचे. ब्रदर या शब्दाची तीन रूपे घ्यावीत. नुसता ‘एस’ लागला की पुष्कळ भाऊ. ‘एस’च्या आधी चिन्ह आले की एका भावाचे. ‘एस’च्या नंतर चिन्ह आले की पुष्कळ भावांचे. तिन्हींचा उच्चार मात्र एकच : ब्रदर्स. कानाला यातील काहीही कळत नाही; जे आहे ते केवळ डोळ्यांना.

या ठिकाणी मराठी भाषकाने आपल्याच लेखनाकडे एक नजर टाकावी. ‘भावाचा वाटा’ आणि ‘भावांचा वाटा’ या दोन शब्दप्रयोगांत भेद आहे तो एका टिंबाचा. इंग्रजीत लोपचिन्ह ‘एस’च्या अलीकडे की पलीकडे यावर जे अवलंबून असते, तेच मराठीत ‘वा’च्या डोक्यावर अनुस्वार आहे की नाही यावर अवलंबून आहे. दोन्ही भाषांत खूण सारखीच क्षुद्र आहे, आणि दोन्हींत तिच्यावाचून अर्थ एकाचा अनेक होतो. मृत्युपत्रात ‘माझ्या भावाच्या मुलांना’ असे लिहिले तर एका घरातील पुतण्यांना मिळकत जाते. ‘माझ्या भावांच्या मुलांना’ लिहिले तर साऱ्या घरांतील पुतणे वाटेकरी होतात. हेच मृत्युपत्र इंग्रजीत टंकलिखित करताना चिन्ह एका अक्षराने सरकले, तर मृताची इच्छा कोणती हे ठरविण्याचा भार न्यायालयावर पडतो. कारण जो सांगू शकला असता तो हयात नसतो, आणि वाचून दाखविल्यावरही फरक ऐकू येत नाही. मराठीची स्थिती येथे थोडी बरी आहे. भावांचा अनुस्वार नाकातून का होईना, उच्चारला जातो.

१९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम तयार केले व १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. त्या सुधारणेत पुष्कळ अनुस्वारांची गच्छंती झाली. जुन्या पुस्तकांत ‘पांच’, ‘दांत’ असे लिहिलेले दिसते. ‘पंच’ आणि ‘दंत’ यांतील अनुनासिक मराठीत येताना लोपले होते व त्या लोपाची आठवण म्हणून टिंब तेवढे राहिले होते. म्हणजे ते टिंब हे एक प्रकारचे लोपचिन्हच होते! उच्चारात नसलेली ही आठवण नव्या नियमांनी पुसून टाकली. परंतु अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार मात्र नियमकर्त्यांनी राखला, कारण तो आठवण जपत नव्हता, अर्थ सांभाळत होता. इंग्रजीत अशी सुधारणा कोणत्याही मंडळाने केलेली नाही, आणि तसा अधिकार असलेले मंडळच त्या भाषेला नाही. त्यामुळे तेथे स्मृतीची चिन्हे आणि अर्थाची चिन्हे एकाच ओळीत उभी आहेत. बर्नार्ड शॉने ‘डोन्ट’, ‘वोन्ट’ यांसारख्या शब्दांतील चिन्ह आपल्या नाटकांतून हद्दपार केले, ते याच दृष्टीने समजून घ्यावे. त्याने स्मरणचिन्ह काढले. अर्थाला धक्का लागत होता तेथे ते ठेवले.

अनुस्वाराचे हे साम्य उपयुक्त असले, तरी एका ठिकाणी ते मराठी मुलाला हमखास फसविते. मराठीत ‘वडिलांचा व्यवसाय’ असे लिहितात. वडील एकच असतात, अनुस्वार आदराचा असतो. हा आदर तसाच इंग्रजीत नेऊन मुलाने ‘फादर’ला अनेकवचनाचा ‘एस’ लावला व लोपचिन्ह त्याच्या पुढे ठेवले, तर त्याचा इंग्रजीत अर्थ ‘माझ्या अनेक वडिलांचा व्यवसाय’ असा होईल. इंग्रजीला आदरार्थी बहुवचन ठाऊक नाही. तेथे वडील, गुरुजी, साहेब, खुद्द राष्ट्रपतीसुद्धा एकवचनातच राहतात, आणि चिन्ह ‘एस’च्या आधी येते. गुजराती मित्राच्या बाबतीत हा घोटाळा वेगळ्या जागी होतो. त्याच्या भाषेत ‘भाईनो’चे अनेकवचन ‘भाईओनो’ असे एक पूर्ण स्वर घालून होते. त्यामुळे नुसत्या चिन्हाने वचन बदलते हेच त्याला प्रथम पटत नाही. एकाच बाकावर बसलेली दोन मुले एकच चूक दोन कारणांनी करतात. दादोबांच्या वर्गातही काही निराळे घडत असेल असे वाटत नाही.

काही शब्दांत अनेकवचन ‘एस’ने होतच नाही. चिल्ड्रेन, मेन, विमेन हे शब्द आधीच अनेकवचनी आहेत. म्हणून मालकी दाखविताना त्यांना एकवचनासारखेच आधी चिन्ह व मग ‘एस’ लागतो. शाळांच्या आणि वसतिगृहांच्या पाट्यांवर ‘विमेन्स’ या शब्दाच्या अगदी शेवटी चिन्ह दिसते, ते चूक आहे.

आता सर्वनामे. युअर्स, हर्स, अवर्स, देअर्स आणि इट्स ही रूपे जन्मतःच षष्ठ्यन्त आहेत. मराठीत ‘माझा’, ‘तुझा’ यांना पुन्हा ‘चा’ लावीत नाहीत, त्याचप्रमाणे यांना चिन्ह लावावयाचे नाही. अडचण ‘इट्स’ची आहे, कारण ‘इट इज’ याचाही संक्षेप तसाच उच्चारला जातो व त्यात मात्र गळालेल्या ‘आय’साठी चिन्ह हवे. याची परीक्षा सोपी आहे. त्या शब्दाच्या जागी ‘इट इज’ ठेवून वाक्य वाचावे. अर्थ लागला तर चिन्ह घालावे, न लागला तर घालू नये. तर्खडकर भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांना वाक्य असे उलटेपालटे करून पाहण्याची सवय होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांनी इंग्रजी शिकविण्याकरिता मराठी वाक्यांचाच आधार घेतला, त्यामुळे विद्यार्थी दोन्ही भाषांना एकमेकींच्या तराजूत तोलून पाही. ती पाठमाला आज कालबाह्य ठरविली जाते. तिच्या जागी जे आले आहे त्यात ही तोलण्याची सवय लागत नाही, असे स्पष्टपणे म्हणावे लागेल.

अर्जाकडे पुन्हा वळू. त्यात आणखी एक जागा अशी आहे की जेथे चिन्ह घालण्याचे धैर्य फारसे कोणी करीत नाही, पण ते हवेच असते. ‘दहा दिवसांची रजा’, ‘तीन वर्षांचा अनुभव’, ‘एक महिन्याची पूर्वसूचना’ या तिन्ही ठिकाणी मराठीत षष्ठी आहे, आणि इंग्रजीतही ती आहे. दिवस दहा असल्याने ‘डेज’च्या ‘एस’नंतर चिन्ह येते, वर्षे तीन असल्याने ‘इअर्स’लाही तसेच. महिना एक असल्याने ‘मंथ’नंतर आधी चिन्ह व मग ‘एस’. मराठी वाक्य मनात म्हणून पाहिल्यास अनुस्वार आपोआप वाट दाखवितो. ‘दिवसांची’वर टिंब आहे, म्हणून चिन्ह पलीकडे, ‘महिन्याची’वर नाही, म्हणून अलीकडे.

उलट, दुकानांच्या पाट्यांवर जेथे हे चिन्ह मुळीच नको, तेथे त्याची रेलचेल असते. साड्या, ड्रेस, सूटिंग या शब्दांची साधी अनेकवचने करताना ‘एस’च्या आधी चिन्ह ठोकून दिलेले असते, जणू अक्षराला आधारासाठी खिळा हवा. ही सुरतेचीच खासियत आहे असे नव्हे. इंग्लंडात भाजीवाल्यांच्या पाट्यांवर ही चूक इतकी आढळते की तिला भाजीवाल्याचे लोपचिन्ह असे नावच पडले आहे. तेथील जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली या चिन्हाच्या रक्षणार्थ मंडळ काढले व २०१९ मध्ये, अज्ञान आणि आळस यांचा जय झाला असे म्हणून, ते बंद केले. पुढे दुसऱ्यांनी ते काम हाती घेतले. पाटीवरच्या त्या चिन्हाने कोणाचे नुकसान होत नाही, साडीही फाटत नाही. मृत्युपत्रातील चिन्ह आणि पाटीवरील चिन्ह यांना एकाच तीव्रतेने झोडपणाऱ्या शुद्धलेखनप्रेमींना हा विवेक सुटलेला असतो.

स्थलनामांच्या बाबतीत तर खुद्द इंग्रजांचाही निश्चय झालेला नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्ट या स्थानकाच्या नावात चिन्ह आहे आणि लगतच्या बॅरन्स कोर्टच्या नावात नाही. अमेरिकेच्या भौगोलिक नामसमितीने १८९० पासून ते वगळण्याचे धोरण ठेवले असून अपवाद बोटांवर मोजण्याइतके आहेत. बर्मिंगहॅमने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून ते काढले. केंब्रिजने तसाच निर्णय घेतला, पण लोकांचा रोष पाहून २०१४ मध्ये तो फिरविला.

नागरी लिपीत हा प्रश्न उद्भवतच नाही, आणि मराठी मुलाची खरी अडचण तीच आहे. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज किंवा किंग्ज सर्कल ही नावे तो लहानपणापासून मराठीत वाचतो. त्या नावांच्या इंग्रजी रूपांत षष्ठी आहे याची काहीही निशाणी नागरीत उमटत नाही; ‘झेवियर्स’ हे त्याला एक अखंड विशेषनाम वाटते. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून मराठीला स्वल्पविराम, अर्धविराम आदी चिन्हांची ओळख करून दिली. तत्पूर्वी मराठी गद्याला दंडावाचून फारसे काही ठाऊक नव्हते. ती चिन्हे मराठीने आपलीशी केली, परंतु मालकीचे लोपचिन्ह घेतले नाही, कारण चा-ची-चे असताना त्याची गरजच नव्हती.

त्याच १८५० साली सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालय उभे राहिले. त्याचे नाव या विषयावरील चांगला धडा ठरावे. अँड्र्यू हे इंग्रजीत एक नाव आहे व अँड्र्यूज हे दुसरे. आडनावच ‘एस’ने संपत असल्यामुळे त्या ‘एस’च्या आधी चिन्ह घातले तर ग्रंथालय भलत्याच माणसाचे होते. नंतर घातले तर ते व्याकरणदृष्ट्या चालेल. कोणी चिन्हापुढे आणखी एक ‘एस’ही लावतात, तेही चालते. परंतु नावात चिन्ह मुळीच नाही, कारण तेथे आडनाव विशेषणासारखे वापरले आहे, जसे मराठीत ‘टाटा कंपनी’ म्हणतात, ‘टाटांची कंपनी’ म्हणत नाहीत. ग्रंथालयांच्या दाखलपत्रांवर संस्थांची इंग्रजी नावे लिहिताना तेवढ्यापुरता एक नियम पाळावा : संस्था आपले नाव स्वतःच्या शिक्क्यावर जसे लिहिते तसेच उतरवून घ्यावे, आणि व्याकरण तेथे चालवू नये.